सुरुंग, बूट आणि आकड्यांचा पाय

बुटाच्या पॉलिशची लहान डबी तुमच्या घरात असेलच. तिच्याच घेराचा, पण थोडा अधिक उंच असा प्लास्टिकचा डबा डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेच्या सैन्याने १९५० च्या दशकात वापरात आणलेला एम-१४ हा सुरुंग दिसायला साधारण असाच आहे. व्यास साडेपाच सेंटिमीटरांच्या आसपास, उंची चार सेंटिमीटर, आणि पोटात टेट्रिल नावाचे स्फोटद्रव्य अवघे २९ ग्रॅम. घरातल्या मसाल्याच्या डब्यातील एका वाटीत मावेल एवढेच म्हणा ना. वरून दहा-पंधरा किलोंचा दाब पडला की तो फुटतो. म्हणजे शेळ्यांमागे धावणारे लहान पोरही त्याला पुरते.

माणूस ठार करणे हे या यंत्राचे मुख्य काम नव्हे. त्याचे काम पाय नेण्याचे. मेलेल्या शिपायाला तिथेच ठेवून तुकडी पुढे जाऊ शकते. पण पाय गेलेल्या शिपायाला उचलायला चार जण लागतात, त्याचा आक्रोश इतरांनी ऐकावा लागतो, आणि मागे इस्पितळात त्याच्यासाठी खाट, रक्त आणि शल्यवैद्य लागतो. हा हिशेब थंड डोक्याने कुणीतरी मांडला आणि त्याप्रमाणे ही २९ ग्रॅमची मात्रा ठरली.

या २९ ग्रॅमांतून सुमारे सव्वा लाख जूल ऊर्जा सुटते. जूल म्हणजे काय, हे शाळेत शिकून विसरलेल्यांसाठी दुसऱ्या शब्दांत सांगतो. एक टन वजनाची छोटी मोटार ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली, तर त्या धडकेत जेवढी ऊर्जा असते तेवढी ही आहे. आणि हा झाला लहान सुरुंग. सोव्हिएत संघाने बनवलेला आणि पुढे अफगाणिस्तानापासून कंबोडियापर्यंत पसरलेला पीएमएन नावाचा सुरुंग आहे. त्यात टीएनटी असते २४० ग्रॅम. त्याची ऊर्जा मोजली तर तीच मोटार ताशी १६० किलोमीटरने भिंतीवर गेली असे समजा. अर्थात ही सगळी ऊर्जा पायात जात नाही. बरीचशी हवेत जाते, काही मातीत मुरते. पायात किती जाते, यावरच सगळे अवलंबून आहे. पायाखाली बूट घालून हा वाटा कमी करता येईल काय? आणि येईल की नाही हे, कुणाचा पाय न उडवता, ठरवायचे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांनी संगणकाच्या पोटात आकड्यांचा एक पाय उभा केला आहे. त्याची ही हकिगत.

आधी खरा पाय. टाच सुरुंगावर पडते. स्फोटद्रव्य पेटते असे आपण म्हणतो. पण हे पेटणे चुलीतल्या लाकडासारखे नव्हे. टीएनटीमधून स्फोटाची लाट सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने धावते. क्षणात त्या घन पदार्थाचा तप्त वायू होतो, आणि त्याचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींच्या घरात असतो. पहिला तडाखा म्हणून एक दाबलहर टाचेतून वर जाते. हाडातून ध्वनी सेकंदाला साडेतीन किलोमीटरांच्या आसपास जातो. म्हणजे टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर ती लहर सेकंदाच्या एक-दोन दशसहस्रांशांत तोडते. तुमची पापणी लवायला याच्या हजारपट वेळ लागतो. टाचेचे हाड आतून जाळीदार असते, रव्याच्या वडीसारखे. त्याचा चुरा होतो. घोट्याचे हाड फुटते, नडगी चिरफळते.

दुसरा तडाखा वायूचा. तो खालून वर येताना माती, खडे, बुटाचे तुकडे, कापडाचे धागे बरोबर आणतो. कोकणात पावसाळ्यात वाऱ्याच्या झोताने छत्री उलटी होते ती तुम्ही पाहिली असेल. काड्या उघड्या पडतात आणि कापड वर जाते. पायाचेही तसेच होते. कातडी आणि स्नायू हाडापासून सुटून छत्रीसारखे वर उघडतात, त्या पोकळीत घाण भरते, आणि मग मांस पुन्हा खाली येऊन जागेवर बसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, जखम इथपर्यंतच आहे. प्रत्यक्षात माती वीतभर वर जाऊन बसलेली असते. शल्यवैद्यांच्या लेखनात या प्रकाराला छत्रीचेच नाव आहे.

रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे शल्यवैद्य रॉबिन कूपलंड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली या जखमांचे तीन प्रकार पाडून दाखवले. सुरुंगावर पाय पडून झालेली जखम, जवळपास फुटलेल्या सुरुंगाच्या तुकड्यांची जखम, आणि सुरुंग हातात धरल्याने झालेली जखम. बुटाचा संबंध पहिल्या प्रकाराशी. यात पाय बहुधा जातोच. वाद उरतो तो कुठून जातो याचा. गुडघ्याखाली कापावा लागला तर माणूस कृत्रिम पाय लावून पुष्कळसे पहिल्यासारखे चालू शकतो. गुडघा गेला की चालण्याचे कष्ट किती तरी वाढतात, उकिडवे बसणे, चढ चढणे, चिखलात उतरणे, सगळेच अवघड होते. आपल्याकडे तर बसणे म्हणजे मांडी घालून नाहीतर उकिडवे. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाअखेर जो जयपूर फूट घडवला, त्याचे वैशिष्ट्यच हे की तो घालून शेतात अनवाणी चालता येते आणि उकिडवे बसता येते. सुरुंगांनी पोळलेल्या देशांत तो पुढे हजारोंच्या उपयोगी पडला. पण त्याचा पुरता लाभ घ्यायला वर स्वतःचा गुडघा असावा लागतो.

मुंबईत जन्मलेले गुरखा पलटणीचे अधिकारी इयान कार्डोझो यांचा पाय डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हटजवळ सुरुंगावर पडला. औषध नाही, शल्यवैद्य नाही. त्यांनी स्वतःच्या कुकरीने लोंबता पाय कापून टाकला. पुढे कृत्रिम पायावर त्यांनी पलटणीचे आणि नंतर ब्रिगेडचे नेतृत्व केले. असा मान मिळालेले ते भारतीय सैन्यातील पहिले अपंग अधिकारी. त्यांच्या धैर्याची गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली जाते, आणि सांगावीही. मला मात्र तिच्यातली दुसरी बाजू दिसते ती ही की, असे धैर्य दाखवण्याची पाळी शंभरांतल्या शंभरांवर येते, आणि त्यातले बहुतेक शिपाई नसून शेतकरी, गुराखी, सरपण गोळा करणाऱ्या बाया आणि मुले असतात.

आता बुटाकडे वळू. कल्पना जुनी आहे. व्हिएतनामच्या युद्धात जंगलात रोवलेले बांबूचे अणकुचीदार खुंटे बुटातून आरपार जात, म्हणून अमेरिकेने बुटाच्या तळात पोलादाची पातळ पट्टी घातली. ती खुंट्याला अडवी. सुरुंगापुढे तिचा पाड लागेना. मग १९६० च्या दशकातच मॅसॅच्युसेट्समधील नॅटिकच्या सैनिकी प्रयोगशाळेत निराळा विचार सुरू झाला. तळाशी पाचरीसारखा इंग्रजी व्ही आकार द्यायचा, म्हणजे वायू दोन्ही बाजूंना फाकेल. आणि त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांचे ॲल्युमिनियम ठेवायचे, म्हणजे ते चेंगरताना ऊर्जा खाईल. नंतर कॅनडातील एका कंपनीने याहून विलक्षण वस्तू काढली. तिचे नाव स्पायडर बूट, म्हणजे कोळी-बूट. बुटाखाली एक फळी, आणि फळीला पुढे दोन, मागे दोन असे चार आखूड पाय. माणूस चालतो तेव्हा जमिनीला टेकतात ते हे चार पाय. माणसाचे पाऊल अधांतरी. सुरुंग फुटलाच तर तो टाचेच्या बरोबर खाली न फुटता जरा पुढे किंवा मागे फुटतो. यातला हिशेब साधा आहे. स्फोटाच्या अगदी जवळ दाब अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. तिथे पाच-दहा सेंटिमीटर म्हणजे मोठी इस्टेट.

तर मग सोल जाड करा, आणखी उंच करा, प्रश्न सुटला! असे वाटते खरे. पण जाड सोल जड होतो, आणि पायातला एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका दमवतो. उंच सोलवर माणूस धडपडतो, आणि सुरुंगाच्या शेतात धडपडणे परवडत नाही. सोल कडक केला तर तो फुटत नाही; पण तडाखा तसाच्या तसा टाचेला पोचवतो. बूट शाबूत आणि आत हाडांची पूड, असे होऊ शकते. मऊ केला तर फाटतो आणि घाण आत जाते. धातू घातला तर तो धातूच तुकडे होऊन मांडीत घुसण्याचा धोका. एक गोष्ट सुधारावी तर दुसरी बिघडते. पाचर किती अंशांची, पोळ्याची घरे केवढी, कापडाचे थर किती, यांच्या जोड्या मांडत गेलात तर शेकडो बूट होतात. आणि प्रत्येकाची परीक्षा घ्यायची कुणाच्या पायात घालून?

ही परीक्षा घेतली गेली ती मेलेल्या माणसांच्या पायांत घालून. हे ऐकून अंगावर काटा येईल. पण ज्यांनी आपला देह विज्ञानाला दिला त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. अमेरिकी सैन्याच्या शल्य संशोधन संस्थेने १९९९-२००० च्या सुमारास अशा देहांच्या पायांना निरनिराळे बूट चढवून त्यांच्याखाली खरे सुरुंग फोडले. जाळ आणि धुळीतून काही दिसत नाही, म्हणून क्षणार्धाची क्ष-किरण चित्रे घेतली. मग शल्यवैद्यांनी प्रत्येक पाय उघडून पाहिला आणि खऱ्या रुग्णाच्या बाबतीत ठरवावे तसे ठरवले : हा पाय वाचेल, हा घोट्याजवळ कापावा लागेल, हा गुडघ्यावरून. एकूण चित्र असे निघाले की लहान सुरुंगापुढे चांगल्या बुटाचा काही उपयोग होतो, मोठ्यापुढे फारच थोडा. पण असे प्रयोग किती करणार? देह मिळतात थोडे. ते बहुधा वृद्धांचे असतात, आणि म्हाताऱ्याचे हाड विशीतल्या जवानाच्या हाडासारखे नसते. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी म्हणून एक ठिसूळ नकली पाय बनवला. हाडांच्या जागी साच्यात ओतलेली कृत्रिम हाडे, मांसाच्या जागी जिलेटिन. एका परीक्षेत एक पाय संपतो. खर्च होतोच, पण निदान मोडलेला पाय कुणाचा नसतो.

आणि इथेच संगणक पुढे येतो. त्याची रीत समजायला सोपी आहे. गावचा भूकरमापक वेड्यावाकड्या बांधाचे शेत कसे मोजतो? त्याचे त्रिकोण आणि चौकोन पाडतो, एकेकाचे क्षेत्र काढतो आणि बेरीज करतो. हाडाचेही तसेच करायचे. टाचेच्या हाडाचे हजारो लहान ठोकळे कल्पायचे, प्रत्येकाला सांगायचे की तू असा दबतोस, एवढ्या ताणाला फुटतोस, आणि शेजाऱ्याने ढकलले तर तू पुढच्याला ढकलायचेस. या रीतीला अभियंते फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. हे नाव १९६० साली अमेरिकेतील रे क्लफ यांनी दिले. तिचा एक प्रसिद्ध अवतार, डायना-थ्री-डी, जॉन हॉलक्विस्ट यांनी लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९७६ साली लिहिला. कशासाठी, ठाऊक आहे? कमी उंचीवरून टाकलेला अणुबाँब जमिनीवर आदळल्यावर त्याच्या कवचाचे काय होते, ते पाहण्यासाठी. त्याच्या वंशातले कार्यक्रम पुढे मोटारींच्या धडका तपासू लागले, आणि आता ते माणसाची टाच तपासतात.

पायाचा आकार येतो कुठून? खऱ्या माणसांच्या सीटी चित्रांवरून. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या संपूर्ण देहाची, एकेक मिलिमीटरावर काप घेऊन काढलेली चित्रे सर्वांना खुली केली. तो टेक्सासमधील मृत्युदंड झालेला कैदी होता आणि त्याने आपला देह विज्ञानाला दिला होता. जगभरच्या कितीतरी आकड्यांच्या माणसांना त्याचा आकार मिळाला.

आकार मिळणे हा सोपा भाग. हाडाचा स्वभाव सांगणे कठीण. चिक्कीचा पाक गार होत आला की हळूहळू ओढला तर लांबतो आणि झटका दिला तर तडकतो. हाडालाही असे काळाचे भान आहे. १९६६ मध्ये जेम्स मॅकेल्हेनी यांनी हाडाचे नमुने निरनिराळ्या वेगांनी दाबून पाहिले. वेग वाढला की हाड अधिक ताठ आणि अधिक मजबूत होते, पण फुटण्यापूर्वी दबते कमी, ठिसूळ होते. म्हणजे पायरीवरून पडलेल्या माणसाच्या हाडाचे आकडे सुरुंगाला लागू नाहीत. टाचेखाली दीड-दोन सेंटिमीटर चरबीची गादी असते, तिचाही असाच निराळा स्वभाव. पावलातल्या सव्वीस हाडांना बांधणाऱ्या बंधांचा आणखी निराळा.

शिवाय स्फोटाचा वायू आणि माती ठोकळ्यांत बांधून ठेवता येत नाहीत. ती इतकी वाहतात, की त्यांच्याबरोबर ठोकळेही वाहू दिले तर ते पिळवटून जातात. नदीचे पाणी दोन प्रकारे पाहता येते, नावेत बसून प्रवाहाबरोबर जाऊन, किंवा घाटावर उभे राहून समोरून काय गेले ते टिपून. हाडासाठी पहिली रीत वापरतात, वायूसाठी दुसरी, आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे, म्हणजे सोलाच्या तळाशी, त्यांची सांगड घालतात. सगळ्यांत जास्त चुका होतात त्या या सांगडीतच.

वेळेचाही हिशेब पाहा. दाबलहर एका ठोकळ्यातून पलीकडे जाण्याआधीच संगणकाला पुढची पायरी मोजावी लागते. नाहीतर उत्तर भरकटते. ठोकळा एक मिलिमीटरचा असेल तर पायरी सेकंदाच्या दशलक्षांशाच्या तृतीयांशाहूनही लहान. म्हणजे सेकंदाच्या एक शतांशाची हकिगत सांगायला पस्तीस हजार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर लाखो ठोकळ्यांची चौकशी. ठोकळा निम्मा करा : ठोकळे होतात आठपट, पायऱ्या दुप्पट, काम सोळापट. संशोधक ठोकळे हवे तितके लहान करत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता एक खोच सांगतो. आकड्यांच्या पायात हाडाचा ठोकळा मर्यादेबाहेर ताणला गेला की पुष्कळ कार्यक्रम तो पुसून टाकतात. फुटला, संपला. पडद्यावर हाड नाहीसे होताना दिसते आणि चित्र मोठे पटण्यासारखे वाटते. पण खऱ्या पायात हाडाचा तुकडा नाहीसा होत नाही. तो वर मांडीत घुसतो, किंवा दुसऱ्या पायात जातो. जखम वर सरकण्याचे तेही एक कारण. जो तुकडा संगणकाने पुसला, त्यानेच कदाचित गुडघा गेला असता. म्हणून, हाड कुठे फुटेल हे सांगताना हा पाय बराच विश्वासू आहे. घाण किती वर जाईल, पाय कुठून कापावा लागेल, हे सांगताना फार कच्चा. आणि शल्यवैद्याला तर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

मातीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोरड्या वाळूत कणांमध्ये हवा असते. स्फोटाच्या तडाख्याने ती दबते आणि काही ऊर्जा वाळूच गिळते. तीच वाळू पाण्याने पूर्ण भिजली की दबायला जागा उरत नाही, आणि वर फेकली जाणारी माती अधिक जोराने सोलावर आदळते. परीक्षांसाठी सोयीची म्हणून ठरीव वाळू वापरतात, आणि ते एका परीने योग्यही आहे. नाहीतर एका प्रयोगाची दुसऱ्याशी तुलना कशी करणार? पण कंबोडियातला शेतकरी उभा असतो भाताच्या खाचरात. भात लावताना घोट्यापर्यंत चिखल असतो, हे आपल्या मावळात किंवा कोकणात कुणाला सांगायला नको. कोरड्या वाळूत पास झालेला बूट त्या खाचरात पास होईल असे कुणी म्हणू नये. संगणकाचा खरा उपकार मला इथे दिसतो. मातीतल्या पाण्याचा आकडा बदलून तोच स्फोट पुन्हा मोजता येतो, दहा वेळा, वीस वेळा, आणि मोजक्या ठिकाणी खरी परीक्षा घेऊन उत्तर ताडून पाहता येते. शेकडो बुटांतून दहा निवडायचे, आणि त्या दहांनाच खऱ्या स्फोटापुढे उभे करायचे. मात्र ताडून न पाहिलेले उत्तर म्हणजे नुसते रंगीत चित्र.

मोजणारा पायही फसवतो, याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात सागरी सुरुंगाला लागलेल्या जहाजांवर एक चमत्कारिक प्रकार आढळला. डेकवर नुसते उभे असलेल्या खलाशांच्या टाचा फुटत. स्फोटाने डेकच उसळून तळपायावर आदळे. इराक आणि अफगाणिस्तानात चिलखती गाड्यांखाली स्फोट झाले तेव्हा तीच जखम पुन्हा दिसली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २०११ साली स्फोटजखमांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले, ते अशाच जखमांमुळे. इथे बुटाचे काम वेगळे. वायू अडवायचा नसतो. गाडीच्या तळाचा धक्का जरा लांबवायचा असतो, म्हणजे त्याचे टोक बोथट होते. अशा परीक्षांत गाडीत पुतळा बसवतात आणि नडगीतले बल मोजतात. मोटारींच्या धडकांसाठी बनवलेल्या जुन्या हायब्रिड-थ्री पुतळ्याची नडगी म्हणजे पोलादाचा दांडा. तिच्यासाठी मर्यादा धरली आहे ५.४ किलोन्यूटन, सुमारे साडेपाचशे किलोंचे वजन. पुढे अमेरिकेत मिल-एलएक्स नावाचा नवा पाय झाला. त्याच्या नडगीत लवचीक भाग आहे, माणसाच्या पायासारखा. त्याच्यासाठी मर्यादा २.६ किलोन्यूटन. निम्म्याहून कमी! माणूस तोच, धोका तितकाच. फरक मोजमापाच्या पायात. ताठ पायावर तोच धक्का मोठा आकडा दाखवतो. एका पायाची मर्यादा दुसऱ्याला लावली, तर माणसाचे हाड मोडणारा बूट चांगला ठरेल.

आपल्याकडे गडचिरोलीच्या वाटांवर जी स्फोटके पेरली गेली, ती कारखान्यातली नव्हेत. डब्यांत आणि प्रेशर कुकरांत भरलेली, आणि त्यांचे वजन ग्रॅममध्ये नसते, किलोंमध्ये असते. १ मे २०१९ रोजी जांभुरखेड्याजवळ गाडीखाली झालेल्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. अशा स्फोटापुढे बुटाचे नाव काढणे हीदेखील थट्टा ठरेल. बुटाचा उपयोग कुठवर आहे, ते आकड्यांचा पायही स्पष्ट सांगतो. पन्नास ग्रॅमपर्यंत काही बोलता येते. दोनशेच्या पुढे टाचेखाली काहीही बांधा, हाड फुटतेच. तिथे फार तर जखम थोडी खाली थांबते. आणि सुरुंग काढणारे कामगार बहुतेक वेळ गुडघ्यांवर बसून माती उकरतात. त्यांना आधी डोळे आणि हात सांभाळावे लागतात.

तुम्ही म्हणाल, मग सुरुंगच का बंद करत नाही? प्रयत्न झाला आहे. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावा येथे माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला, १ मार्च १९९९ पासून तो अमलात आला, आणि दीडशेंहून अधिक देश त्यात आले. त्यासाठी झटणाऱ्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना १९९७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि पाकिस्तान मात्र बाहेर राहिले. आणि २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याचे ठरवले. रशियाची सीमा त्यांना लागून आहे. तेव्हा बुटाच्या तळाचा हिशेब करणाऱ्यांना अजून बरेच दिवस काम आहे.

पुण्यात १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथल्यासारख्या ठिकाणी पाय बसवणाऱ्याला स्फोटाचे दाब आणि ठोकळ्यांची संख्या यांच्याशी कर्तव्य नसते. तो टेप घेतो आणि गुडघ्याखाली नडगी किती शिल्लक आहे ते मोजतो. बारा-पंधरा सेंटिमीटर असली तर त्याचे काम चांगले बसते. पाचच असली तर खोबण धरत नाही, घसरते, घासते. बूट जर सुरुंगापासून पाय वाचवू शकला नाही, पण ही पाच सेंटिमीटर बारा करू शकला, तर तो बूट करण्यासारखा आहे. संगणकाला विचारायचा प्रश्न हाच आहे. आणि ते उत्तर नेमके देण्याइतका आकड्यांचा पाय अजून तयार झालेला नाही.